बन्नूरपलीकडचा माधव

कुवेंपुनगर, म्हैसूर
२८ जुलै २०२५

प्रति,
संयोजक, ‘मध्ययुगीन शिल्प आणि चुका’ चर्चासत्र,
हॉलंड.

महोदया,

हे पत्र व्यक्तिगत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पुढच्या जूनमध्ये तुमच्याकडे जी परिषद आहे, तिच्यात वरील नावाचं एक चर्चासत्र आहे. त्यासाठी निबंधाचे सारांश मागवले आहेत आणि ‘स्वतंत्र अभ्यासकांचंही स्वागत’ असं लिहिलं आहे. निवृत्त झाल्यापासून मी स्वतंत्रच आहे. संयोजक म्हणून खाली जे नाव आहे ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं आहे, हा निव्वळ योगायोग समजावा. मी तसाच समजतो आहे.

रोज सकाळी कॉफी झाली की मी मध्ययुगीन कलेच्या क्षेत्रातल्या संधींची यादी उघडतो. हंगेरीत हस्तलिखितांची कार्यशाळा आहे, वयोमर्यादा पस्तीस. लंडनला फेलोशिप आहे, पीएचडी होऊन पाच वर्षं उलटलेली चालत नाहीत. माझ्या पीएचडीला बेचाळीस वर्षं झाली. आठशे वर्षांपूर्वीच्या दगडाचा अभ्यास करायला इतकी कोवळी माणसं कशाला लागतात, हे मला कळलेलं नाही. तुमच्या चर्चासत्राला मात्र वयाची अट नाही, याबद्दल आभार.

माझ्या निबंधाचं शीर्षक ‘न झालेली चूक’ असं आहे. सारांश सोबत जोडला आहे. तो दोनशे शब्दांपेक्षा किंचित मोठा आहे.

आपला,
डॉ. नरसिंहमूर्ती

ता. क. सौ. तुंगानं तुम्हाला आशीर्वाद सांगितले आहेत. ते मात्र व्यक्तिगत आहेत.


५ ऑगस्ट २०२५

महोदया,

तुमचं उत्तर मिळालं. ‘डिअर अॅप्लिकंट.’ जिच्या प्रबंधाची सहाशे पानं मी लाल पेन घेऊन दोनदा वाचली, ती मला ‘डिअर अॅप्लिकंट’ म्हणते. मी दिवसभर घरात धुसफुसत होतो. शेवटी तुंगा म्हणाली, “अहो री, ते मशीननं पाठवलंय. माणसानं पाठवलेलं नव्हे. सुम्ने, मुकाट्यानं जेवा आता.” जेवलो. पण मशीनला ती दोन अक्षरं कोणीतरी शिकवली असणारच.

मशीनचं म्हणणं असं की माझा सारांश अकराशे चाळीस शब्दांचा आहे. मी तो काटछाट करून अकराशे दहावर आणला. त्याखाली नेणं म्हणजे विषयाचा गळा दाबणं आहे. तुमच्या परीक्षकांना पार्श्वभूमी ठाऊक नसेल, तेव्हा ती तरी नीट सांगतो.

विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म असतात. कोणत्या हातात काय, हा क्रम बदलला की नाव बदलतं. अशी चोवीस नावं होतात. केशवाचा क्रम बरोबर उलटा केला की माधव होतो. १९९४ साली बन्नूरच्या पलीकडे, उसाच्या शेतामागे, एका छोट्या होयसळकालीन देवळात मी मूर्तीची स्लाइड काढली. गाव त्या देवाला केशव म्हणत होतं. माझ्या स्लाइडमध्ये तो स्वच्छ माधव होता. त्यावर मी लेख लिहिला, पुढे पुस्तक लिहिलं, आणि त्या पुस्तकानं मला ओळख दिली, हे तुम्ही जाणता.

जानेवारी २०१८ मध्ये माझ्या गौरवाच्या चर्चासत्रात मी तीच स्लाइड दाखवली. ऐंशी माणसं होती. तुंगा पहिल्या रांगेत नवं रेशमी लुगडं नेसून बसली होती. स्लाइडमध्ये मूर्तीशेजारी तिथले वृद्ध पुजारी उभे आहेत. त्यांचं जानवं उजव्या खांद्यावर आहे, जसं एरवी फक्त श्राद्धात घेतात. यावर मी पुस्तकात दीड पानाची तळटीप लिहिली होती, की या देवळात अपसव्य पूजेची एक दुर्मीळ परंपरा टिकून असावी. तेव्हा तू उठलीस आणि म्हणालीस, “सर, भटजी देवासमोर श्राद्ध करतायत का? की स्लाइड उलटी लागलीय?”

ऐंशी माणसं हसली. चहावाटपवालासुद्धा हसला. त्याला काय कळलं होतं, देव जाणे.

माझं म्हणणं आजही तेच आहे. स्लाइड सुलटी होती. आणि आता मी ते सिद्ध करणार आहे. ती मूर्ती एरवी चांदीच्या कवचाखाली झाकलेली असते, पण श्रावणातल्या शनिवारी अभिषेकाला कवच उतरवतात. येत्या ९ तारखेला मी कॅमेरा घेऊन तिथे असेन. तुमच्या चर्चासत्रात माझा निबंध असलाच पाहिजे. ज्या गोष्टीवर सगळ्यांसमोर हसं झालं, तिचा निकालही सगळ्यांसमोरच लागायला हवा.

त्या वर्षी तुझ्या शिष्यवृत्तीसाठी मी दिलेलं शिफारसपत्र वेळेत पोचलं नाही, असं नंतर कानावर आलं. टपालखात्याचं काही सांगता येत नाही.

आपला,
डॉ. नरसिंहमूर्ती


१० ऑगस्ट २०२५

सुप्रीता,

‘महोदया’ लिहायला घेतलं होतं, आज जमत नाही.

काल पहाटेच्या बसनं तुंगा आणि मी बन्नूरला गेलो. तिथून रिक्षानं कालव्याच्या कडेकडेनं देवळापाशी. एकतीस वर्षांनी. कमानीवर नवी पाटी दिसली, सोनेरी कन्नड अक्षरांत: श्री माधवस्वामी देवस्थान. माझी छाती फुगली. मी तुंगाला म्हटलं, “बघ, गावालासुद्धा पटलं. एका तुझ्या सुप्रीतालाच पटत नाही.”

पुजारी आता गुरुराज आहे, त्या जानव्यावाल्या वृद्ध पुजाऱ्यांचा मुलगा. मला पाहताच पायाच पडला. “सर, हे सगळं तुमच्यामुळं, सर!” म्हणाला. मग त्यानं जे सांगितलं ते ऐक. माझा लेख कन्नड वर्तमानपत्रात आला, तेव्हा गावात बैठक बसली. म्हैसूरचे डॉक्टर म्हणतात माधव, आपण पिढ्यान्‌पिढ्या केशव म्हणतोय, देवाचा अपमान झाला. पाटी बदलली. संकल्पातलं नाव बदललं. रथावरचं नाव बदललं. आणि वर्गणी काढून चांदीचं नवं कवच केलं, त्याचे हात माझ्या लेखातल्या फोटोवरून घडवून घेतले. दोन मुलींची नावं माधवी ठेवली, ते वेगळंच.

हे ऐकताना मला अजून आनंदच होत होता, हे लिहून ठेवतो.

मग कवच उतरवलं. दूध घातलं, दही घातलं, पाणी घातलं. दगड काळाभोर चकाकत समोर आला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच राहिलो. उजव्या खालच्या हातात कमळ. डाव्या खालच्या हातात गदा. मी देवाची उजवी बाजू कोणती ते ठरवायला त्याच्यासारखाच उभा राहून हात पसरून पाहिले, एकदा नव्हे, तीनदा. शेजारच्या बाईला वाटलं माझ्या अंगात येतंय. ती पोराला घेऊन मागे सरकली.

केशव आहे, सुप्रीता. दगडाचा केशव आणि त्याच्यावर चांदीचा माधव.

मला राहवेना. मी गुरुराजला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. म्हटलं, तुमच्या देवाचं नाव मी बदलून टाकलं, आता तुम्ही मला काय हवं ते म्हणा. त्यानं शांतपणे हातावर तीर्थ घातलं. “सर, आचमनात काय म्हणतो आपण? केशवाय, नारायणाय, माधवाय. मध्ये एकटा नारायणच तेवढा. एरडू ओंदे, सर. दोन्ही एकच. तीर्थ घ्या.” मग म्हणाला, “त्या तुमच्या तळटीपेचा मात्र त्रास झाला. दोन संशोधक आले होते. अप्पांना म्हणाले, जानवं उजव्या खांद्यावर घेऊन पूजा करून दाखवा. अप्पा त्यांच्यामागे उसाचं कांडं घेऊन धावले.”

परत येताना बसमध्ये तुंगा एक शब्द बोलली नाही. जी बाई कंडक्टरशीसुद्धा त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलते, ती गप्प. मला वाटलं ऊन लागलं.

तू म्हणालीस ते खरं होतं. स्लाइड उलटी होती. हे वाक्य लिहायला मला सात वर्षं सात महिने लागले. हे पत्र परीक्षकांना दाखवू नकोस.

नरसिंहमूर्ती


२५ ऑगस्ट २०२५

सुप्रीता,

नवा सारांश पोर्टलवर चढवला आहे. शीर्षक ‘झालेली चूक’. पोर्टलनं माझा पासवर्ड चार वेळा नाकारला आणि शेवटी मी ट्रॅफिक सिग्नल ओळखू शकतो का, ते विचारलं. ओळखले. दोनशे बारा शब्द झाले आहेत. बारा शब्दांसाठी एवढं करू नये.

सारांशात मी म्हटलं आहे की स्लाइड बंगळूरच्या ज्या प्रयोगशाळेत चौकटीत बसवल्या गेल्या, तिथे ही गफलत झाली. ती प्रयोगशाळा केव्हाच बंद पडली, मालकही हयात नाहीत. त्यामुळे कोणाला वाईट वाटण्याचा प्रश्न येत नाही.

आणखी एक. टपालखात्यावर मी खोटा आळ घेतला. तुझं शिफारसपत्र मी पाठवलंच नव्हतं. पाठवायचं राहून गेलं, असंही नाही. लिहिलंच नव्हतं. तुंगानं तीनदा विचारलं, तीनदा मी ‘पाठवलं’ म्हणून सांगितलं. तुझं एक वर्ष वाया गेलं, तुला कुठल्याशा शाळेत कंत्राटावर शिकवावं लागलं, हे मला नंतर कळलं. कळल्यावर मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. हे सर्वांत वाईट आहे, म्हणून लिहितो. दोनशे शब्दांत हे बसत नव्हतं.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. निबंध वाचायला मिळतात ती वीस मिनिटं मात्र मला हवी आहेत. तुझ्या क्षेत्रातल्या लोकांसमोर उभं राहून ‘ही बरोबर होती आणि मी चुकलो’ एवढं मला म्हणायचं आहे. एकाहत्तरावं चालू आहे, अशा संधी माझ्या यादीत फारशा उरलेल्या नाहीत. निबंध पसंत पडला तरच घे. मी रडलो म्हणून घेऊ नकोस.

नरसिंहमूर्ती


१६ ऑक्टोबर २०२५

सुप्रीता,

हे काय चालवलं आहेस?

आमच्या घरात दोघांना मिळून एकच ईमेल आहे, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. आज सकाळी त्यावर तुमच्याकडून दोन पत्रं आली. पहिलं मला. विषय महत्त्वाचा आहे, परंतु प्रयोगशाळेवर ठेवलेल्या ठपक्याला लेखकानं पुरावा दिलेला नाही, सबब खेद वाटतो. ठीक. मी परीक्षक असताना असेच खेद शेकड्यानं वाटले आहेत.

दुसरं पत्र: ‘डिअर मिसेस तुंगा, कळवण्यास अत्यंत आनंद होतो की.’

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ते मोठ्यानं वाचलं. तुंगा उपिट्टू परतत होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. “मिळालं होय? बरं झालं,” म्हणाली. ही बाई एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवत होती. मध्ययुगाशी तिचा संबंध माझ्याशी लग्न केल्यापुरता. माझ्या ताटात उपिट्टू वाढणारी बाई माझीच जागा पटकावते आणि वर विचारते, लिंबू पिळू का?

“मला का नाही सांगितलंस?” मी म्हटलं.

“तुम्ही मला दाखवला होता का तुमचा सारांश? माझा तिथे कॉम्प्युटरवरच आहे. वाचा की.”

वाचणार नाही. एवढं कळवण्यासाठीच हे पत्र.

नरसिंहमूर्ती


१९ ऑक्टोबर २०२५

चि. सुप्रीता,

वाचला.

तू तो आधीच वाचला आहेस, तरी त्यातला थोडा मला उतरवून काढू दे. हातानं लिहिलं की मला नीट कळतं. “१९९४ साली मी छत्तीस स्लाइड उलट्या केल्या. प्रयोगशाळेतून नुसती फिल्म परत आली होती. ती कापून चौकटीत बसवणं आणि प्रोजेक्टरमध्ये घालताना अंगठा जिथे यावा तिथे लाल ठिपका देणं, हे काम आम्ही जेवणाच्या टेबलावर करत असू. नवऱ्याला पेपर तपासायचे होते, म्हणून अकरा नंबरचा डबा मी एकटीनं केला. मी डावखुरी आहे. ठिपके मी माझ्या अंगठ्याच्या जागी दिले. उजव्या हातानं तीच स्लाइड घातली, तर पडद्यावर आरशातल्यासारखं चित्र दिसतं. त्यामुळे एका गावाच्या देवाचं नाव बदललं. माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. कळलं, तर तो मला दोष देणार नाही. तो प्रयोगशाळेला देईल.”

पूर्ण सारांश मिळून एकशे अठ्ठ्याण्णव शब्द. मोजले.

आता मी जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगतो. मला माहीत होतं. त्या चर्चासत्राहून संध्याकाळी घरी आलो, तेव्हा तुंगा शेजारच्या प्रार्थनाकडे लुगडं दाखवायला गेली होती. मी अकरा नंबरचा डबा काढून खिडकीपाशी स्लाइड धरल्या. छत्तीसच्या छत्तीस उलट्या. डब्यावर तिचं गोल अक्षर होतं. त्या एका डब्यावर माझं पुस्तक उभं होतं आणि पहिल्या रांगेत ती किती खुशीत बसली होती, ते मी मंचावरून पाहिलं होतं. मी डबा बंद केला, आणि बन्नूरला जाईपर्यंत स्वतःला पटवत राहिलो, की खिडकीच्या उजेडात मीच चुकीचं पाहिलं असेल. तिची चूक होती असं म्हणायचं नव्हतं. माझी आहे असं म्हणायची हिंमत नव्हती. तिसरी तू होतीस. तुझ्यावर रागावणं सगळ्यांत सोपं होतं, आणि एकदा रागावल्यावर मी ते मन लावून केलं. डबा काढून पाहिला असता तर आधीच कळलं असतं, ही चूक माझीच होती. तिनं ठिपका चुकवला, मी चोवीस वर्षं डोळे चुकवले.

मी सारांशाचा कागद हातात घेऊन तुंगासमोर बसलो. म्हटलं, “मला माहीत होतं. २०१८ पासून.”

ती म्हणाली, “मलाही तेव्हापासूनच. सुप्रीता बोलली आणि मी तिथेच खुर्चीत माझा अंगठा बघितला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही एवढे तापला होता. म्हटलं, त्यात माझं नाव निघालं तर पुरते खचाल. बन्नूरला बघितल्यावर वाटलं, आता तुम्ही बोलाल. तर तुम्ही प्रयोगशाळा काढली.” मग तिला एकदम आठवलं. “अल्ला री, अहो, पण त्या पत्राचं काय? तिच्या शिफारशीचं? ते तुम्ही पाठवलं होतं की नाही?”

मी नाही म्हणून सांगितलं.

सुप्रीता, चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर ओरडली ती त्या दिवशी. “अय्यो, माझी लाज राखायला म्हणून त्या पोरीचं वर्ष घालवलं तुम्ही? मला विचारायचं होतं! मी त्या सभागृहातच हात वर केला असता. डावा!”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वेळेवर मिळत होतं, पण मीठ मागायला तोंड उघडवत नव्हतं. आज सकाळी ती आपण होऊन टेबलाशी आली आणि मला कामं वाटून दिली. पहिलं काम, गुरुराजला फोन करून विचारणं, की अभिषेकाचे फोटो परिषदेत दाखवले तर गावाची हरकत आहे का. त्याला मी विचारलं. तो म्हणाला, दाखवा, पण नाव आता माधवच राहू दे, रथ रंगवून झालाय. दुसरं काम, तुला हे पत्र लिहिणं आणि त्यात सबबी न सांगणं. प्रयत्न केला आहे. मी तुझं वाईट केलं, जाणूनबुजून केलं, आणि तुझा काहीही दोष नव्हता. मला माफ कर. आता हे मागतो आहे, आधी मागत नव्हतो.

तिसरं काम म्हणजे मी तिच्याबरोबर यायचं. तुमच्या अर्जात ‘सोबतची व्यक्ती’ असा एक रकाना आहे, तिथे तिनं माझं नाव भरलं. भाषण ती करणार, तिच्यामागे बसून स्लाइड पुढे सरकवायच्या त्या मी. घरी सराव सुरू आहे. आज दुपारी मी दोनदा चुकलो, आणि तिनं शाळेतल्या पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

तेव्हा एक मागणं आहे. तू त्या सभागृहात असशीलच. एखादी स्लाइड उलटी दिसली, तर मध्यंतराची वाट पाहू नकोस. उठ, आणि सगळ्यांसमोर सांग.

तुझा,
मूर्ती सर